अंधारीतलं सिंहासन

दौलताबादच्या एका निवृत्त गुरुजींची चित्रपट पारखायची स्वतःची रीत आहे. बाकीचे दिग्दर्शन बघतात, गुरुजी चकतीची मागची बाजू बघतात. खिडकीशी उभं राहून, एक डोळा बारीक करून, सोनार अंगठी बघतो तशी. ओरखडा दिसला की वहीत शेरा पडतो : 'चकती दुसरी. उत्तरार्ध संशयास्पद.'

व्हीसीडीच्या भरभराटीच्या दिवसांत त्यांनी गुलमंडीवरून 'सिंहासन' आणला. जब्बार पटेलांचा, 1979 चा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या, त्यावर विजय तेंडुलकरांची पटकथा, आणि मुख्यमंत्री जिवाजीरावांच्या खुर्चीत अरुण सरनाईक. ती खुर्ची ओढायला टपलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे डॉ. श्रीराम लागू, आणि हे सगळं बघून बघून ज्याचं डोकं फिरतं तो पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. एरवी पडद्यावर पाटील होऊन पोरी पळवणारे निळूभाऊ इथं साध्या शर्टात, हातात कागद घेऊन हिंडतात. पुढारी बदलतात पण पाटील काही सुधारत नाहीत, असं मानणाऱ्या गुरुजींना हा मोठाच धक्का होता.

राजकारणाचं गावाला अप्रूप नाही. 1327 मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी उचलून इथं आणली आणि काही वर्षांनी परतही नेली. पुढे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान, तानाशाह, औरंगजेबानं इथल्याच चिनी महालात डांबून ठेवला. ज्या गावानं आख्खी राजधानी येता-जाताना पाहिली, त्याला दोन-चार आमदार इकडून तिकडे गेल्याचं काय!

पण चकतीचं काय करावं? व्हीसीडीच्या एका चौकटीत 352 गुणिले 288, म्हणजे लाखभर ठिपके. त्यात आख्खं मंत्रालय बसवायचं. चित्रपट कृष्णधवल, त्यातून कारस्थानं बहुतेक रात्रीची. मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो, कोट काळा की भिंत काळी हे कळत नाही, आणि सावल्यांचे चौकोनी तुकडे पडून ते खोलीभर फिरू लागतात. किल्ल्यावरच्या 'अंधारी' या भुयारी वाटेत गाईड मशाल विझवतो तेव्हा जे दिसतं, तेवढंच इथं दिसलं. फरक इतकाच की अंधारी शत्रूला चकवायला बांधली होती. इथं पैसे भरून आत शिरायचं.

"काय बोलायलेत ते, काहीच कळंना," शेजारचा पोरगा म्हणाला.

"कारस्थान आहे. कळलं असतं तर मोठ्यानं बोलले असते," गुरुजींनी चकतीची बाजू घेतली.

चकतीत जेमतेम सव्वा तास मावतो. त्यामुळे मध्यंतर तेंडुलकरांनी ठरवलेलं नाही, यंत्रानं ठरवलेलं. दाभाड्यांच्या गोटात बेत शिजत असतानाच पहिली चकती संपली. दुसरी घालेपर्यंत वीज गेली. मराठवाड्यात तेव्हा वीज ठरल्या वेळी जायची आणि न ठरल्या वेळीही. चार तास मुख्यमंत्री पाडायचा की ठेवायचा हा प्रश्न ओसरीवर चर्चेला होता, आणि चहा तीनदा झाला. खरं सांगायचं तर एवढा जिवंत उत्तरार्ध चित्रपटगृहातही रंगला नसता.

पुढे मुलानं रुंद टीव्ही घेतला. चौकोनी चित्र त्यावर ताणलं गेलं आणि सगळेच मंत्री आडवे सुटले. "मंत्रिमंडळाचा विस्तार म्हणतात तो हाच," गुरुजी म्हणाले. लागूंची धारदार हनुवटी मात्र गेली. तिचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. ती बोथट झाली की दाभाडे नुसतेच चिडके वाटतात.

आणखी एक गोष्ट ते आल्यागेल्याला सांगतात. चित्रीकरण चाललं तेव्हा खरे मुख्यमंत्री होते शरद पवार. 1978 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, वसंतदादांचं सरकार पाडून आलेले. सत्तांतराच्या चित्रपटाला त्यांनीच सरकारी जागा वापरायला परवानगी दिली. "ज्याला खेळ येतो, तो पट बघायला देतो," असं गुरुजींचं म्हणणं. नोव्हेंबर 2019 मध्ये भल्या सकाळी राजभवनात शपथविधी झाला, तेव्हा त्यांनी बातम्या बंद करून व्हीसीडी लावली. बातम्यांपेक्षा तिच्यात चित्र स्पष्ट होतं म्हणे.

तेव्हाच ते घडलं. शेवटाला दिगू टिपणीस वेड्यासारखा हसू लागतो, नेमका तिथं ओरखडा. दिगू हसला, अडकला, पुन्हा हसला, पुन्हा अडकला. पाच मिनिटं झाली.

"अहो, अजून थांबला नाही का तो?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

चकतीला टूथपेस्ट चोळली, चष्म्याच्या फडक्यानं पुसली. दिगू हसतच राहिला. अखेर दुसऱ्या चकतीला मधल्या भोकातून सुतळी ओवून ती परसातल्या पेरूला टांगली, पोपट हुसकायला. पहिली चकती अजून ठणठणीत आहे. त्यामुळे गुरुजींच्या घरी दाभाड्यांचा बेत कायम शिजतच राहतो आणि जिवाजीरावांचं काही ठरत नाही. पोपट पहिले दोन दिवस बिचकले. तिसऱ्या दिवसापासून ते चकतीच्याच फांदीवर बसून पेरू खातात.