ताई, तुम्ही फक्त हेल्दी आहात

दादरच्या रानडे रोडवरच्या रेडीमेड कपड्यांच्या दुकानांत काउंटरमागे एक काका हमखास सापडतात. दुकान बदलतं, शेठ बदलतात; काका तेच. गळ्यात टेप असते, पण ती डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी, हुद्द्यापुरती. माप ते नजरेनेच घेतात. ताईंचा एक पाय अजून पायरीवर असतो, तोवर काकांनी पोऱ्याला सांगितलेलं असतं, “वरच्या फळीवरचं काढ रे.” वरची फळी म्हणजे डबल एक्सेल आणि त्यापुढचं विश्व. हे अख्ख्या दुकानाला ठाऊक असतं, फक्त ताईंना नसतं, असा काकांचा समज.

काका वाढले लालबागच्या चाळीत. तिथे जाड्या, सुकड्या, ढोल्या हीच माणसांची नावं. जन्मदाखल्यावरची फक्त पोस्टमनला माहीत. पण चाळीत कुणाला काही विकायचं नव्हतं. काउंटरवर मराठीतून अंगकाठी काढली की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, हा धंद्याचा पहिला धडा. म्हणून काका इंग्रजीत शिरले, तेही जपून. ‘फॅट’ त्यांच्या मते दुधात असावं, तोंडात नसावं. कॉलेजातली मुलगी ‘चबी’. तिचं लग्न झालं की ‘हेल्दी’. पन्नाशी उलटली की ‘ब्रॉड’. ‘प्लस साइज’ त्यांना हल्लीच्या मुलींनी शिकवलं, आणि त्यांनी ते लगोलग फळीच्या पाटीवर चढवलं. ‘कर्व्ही’ही कानावर आहे, पण ते बाईने स्वतःबद्दल म्हणावं, काउंटरवरच्या पुरुषाने म्हटलं तर चप्पल येते, एवढं इंग्रजी काकांना पक्कं कळतं.

बारीक गिऱ्हाइकाचं तंत्र निराळं. ‘स्लिम’ म्हटलं की कुणीही खूश, ‘स्किनी’ मात्र फक्त जीन्सला. आई लेकीला म्हणते, “पाप्याचं पितर झालंय नुसतं.” काका लगेच मध्ये पडतात, “असू द्या हो मावशी, मॉडेलला असंच लागतं.” आणि स्मॉलचा कुर्ता दोन्ही बाजूंनी आत घ्यायला अल्टरवाल्याकडे धाडतात.

काकांची खरी कमाल बघायची ती ताईंसोबत साहेब आले की. साहेबांच्या शर्टाची मधली दोन बटणं कशीबशी तग धरून असतात. काका म्हणतात, “साहेबांची पर्सनॅलिटी आहे, चव्वेचाळीस लागेल.” साहेब ताठ होतात, पोट आणखी पुढे येतं आणि एकाच्या जागी तीन शर्ट जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत 24 टक्के बायका आणि जवळजवळ 23 टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले. फरक जेमतेम एका टक्क्याचा. पण काकांच्या काउंटरवर तेवढ्याच घेरात बाई ‘हेल्दी’ होते आणि पुरुषाला ‘पर्सनॅलिटी’ येते.

लग्नसराईत काकांची परीक्षा असते. पूर्वी बस्त्यात साडीच असायची, आणि साडी कुणाचं वजन विचारत नाही. आता रिसेप्शनला गाऊन लागतो. त्याची चेन नवरीच्या पाठीवर अर्ध्यात अडते. होणाऱ्या सासूबाई बारीक आवाजात म्हणतात, “मुलगी जरा हेल्दीच आहे, नाही?” इथे काका शब्द फिरवतात, “छे हो मावशी, कंपनीचा कटच लहान आहे!”

ही नुसती थाप नाही. आपल्या रेडीमेड कपड्यांची मापं बरीचशी अमेरिकन आणि ब्रिटिश तक्त्यांवरून उचललेली. एका कंपनीचं लार्ज ते दुसरीचं एक्सेल. म्हणूनच निफ्ट या संस्थेने ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला: मुंबईसह सहा शहरांतल्या 25 हजार माणसांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “एवढी माणसं आपल्या नजरेखालून एका दिवाळीत जातात. मशीन कशाला?”

तर वाचकहो, दादरला गेलात आणि काकांनी ‘हेल्दी’ म्हटलं, तर रागावू नका. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यालाही त्यांना तेच म्हणायला लावा. तो तीन शर्टांचं बिल करणार नाही, हा वरचा फायदा. आणि कुर्ता सुती असेल तर निमूटपणे एक साइज मोठाच घ्या. पहिल्या धुण्यात तो आटतो.