आप्पांचा समुद्र

कोल्हापुरात माणूस आडनावावरून सापडत नाही, नादावरून सापडतो. "पाटील कुठं राहतात?" असं विचारलंत तर चारशे पाटील निघतील. "कबुतरवाले कुठं राहतात?" म्हटलं की शेंबडं पोरगंसुद्धा दारापर्यंत नेऊन सोडतं. आमच्या शुक्रवार पेठेतल्या आप्पांची पंचाईत अशी, की त्यांचा नाद दर दोन वर्षांनी बदलतो. त्यामुळं त्यांचा पत्ता सांगताना सालही सांगावं लागतं.

कबुतरांचा नाद गेला, ढाबळ राहिली. तिच्यात आता काकींचे पापड वाळतात. जुन्या बुलेटचा नाद गेला, बुलेट राहिली. तिचा चालू भाग म्हणजे हॉर्न. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून मिरवायला एकदा म्हैस घेतली. ती दूध देते म्हणून मेहुण्याच्या गोठ्यात टिकून आहे. बाकीचे नाद पैसे खाऊन गेले, हा एकच वैरण खाऊन राहिला.

फिशटँक मुळात आप्पांचा नव्हताच. थोरला पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा मागं ठेवून गेला. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट उंच. सोफा आणि दार यांच्या मधल्या फटीत बसावा म्हणून मुद्दाम तसा करून घेतलेला. आत चार काळ्या मोली. त्या दोन वर्षं सुखात होत्या, कारण आप्पांचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं.

मग रत्नागिरीत भाच्याचं लग्न निघालं. मुहूर्ताला वेळ होता म्हणून आप्पा झाडगावचं मत्स्यालय बघायला गेले आणि काचेतले समुद्री मासे बघता बघता अक्षता चुकल्या. परत आल्या आल्या मला हाक.

"मर्दा, कोल्हापुरात काय न्हाई, सांग."

मी विचारात पडलो. रंकाळा आहे, खासबाग आहे, गंगावेशीत समोर धार काढून दूध मिळतं.

"समुद्र!" आप्पा म्हणाले. "त्यो आणायचा."

आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, हे मी सांगितलं. आप्पांनी ते स्वतःचा अपमान झाल्यासारखं ऐकून घेतलं. आतून काकी म्हणाल्या, "२०१९ ला नदी आपणहून घरात आली हुती, तर हाकलता हाकलता जीव गेला. आता ह्ये पैसं मोजून समुद्र आणणार."

मोली माझ्या घरी बादलीतून रवाना झाल्या. "गोड्या पाण्यातली जनता," आप्पा म्हणाले, "त्यांचं आता हितं काम न्हाई."

पहिला समुद्र आप्पांनी खराखुरा आणला. वीस-वीस लिटरचे तीन कॅन, रत्नागिरीहून, गाडीच्या डिकीतून. एक कॅन आंबा घाटाच्या वळणावर आडवा झाला. डिकीचा पत्रा तेव्हापासून गंजतोय. उरलेले दोन टोपणं घट्ट लावून आठवडाभर परसात ठेवले. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. बंद कॅनमध्ये ते मरतात आणि पाणी कुजतं. टोपण उघडलं तेव्हा शेजारच्यांनी नगरपालिकेला फोन लावायची तयारी केली; कोल्हापूरला महापालिका होऊन किती वर्षं झाली, हेसुद्धा त्या वासानं ते विसरले. काकींनी अरबी समुद्र मोरीत ओतला.

दुसरा समुद्र घरीच करायचा ठरला. आप्पांनी कपाटातून मिठाचा पुडा काढला. शाहूपुरीतल्या मासेवाल्या दुकानातला पोरगा नेमका पाइप जोडायला आलेला होता, म्हणून वाचलो. "आप्पा, ह्ये आमटीचं मीठ. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सगळं लागतंय. त्याचं मीठ येगळं येतंय." हिशेब त्यानं तिथंच केला: टाकी ५६ लिटरची, लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन किलो. आप्पांना दोन किलो मीठ ऐकून धक्का बसला नाही, किंमत ऐकून बसला.

हात राखून घातलेलं मीठ विरघळल्यावर आप्पांनी पाण्यात बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले, आणि पांढऱ्या रश्श्याला देतात तसा शेरा दिला, "बराबर हाय." पोरानं खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला. काचेवर एक थेंब टाकला, झाकण पाडलं आणि नळी खिडकीकडं धरून आप्पांच्या डोळ्याला लावली. आत वर निळं, खाली पांढरं आणि मधे एक रेघ. रेघ १.०१० वर होती. पाहिजे होती १.०२५ वर. आप्पांनी नळी खाली घेतली, बोटाकडं बघितलं, पुन्हा नळीला डोळा लावला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या जिभेला खोटं पाडलं होतं.

पुढची अडचण उंचीची. पोरगा म्हणाला, "टाकी चुकीची हाय, आप्पा. पाण्याला हवा मिळती ती वरच्या तोंडानं. हिचं तोंड एवढंसं, पोट ह्ये एवढं. त्यात खाऱ्या पाण्यात हवा आधीच कमी मुरती."

"मग आडवी ठेवू की!"

कुणीच काही बोललं नाही. थोड्या वेळानं आप्पांनाच कळलं की तोंड बाजूला आलं तर समुद्र सोफ्यावर येईल.

उंच टाकीचं दुसरं दुखणं म्हणजे तळ. दिवा वर, त्यामुळं वर दुपार आणि खाली दिवेलागण. तळातला दगड सरळ करायचा तर हात पोचला पाहिजे. आप्पा तालमीतले, दंड अजून दुधाच्या कासंडीएवढा. पाटावर उभं राहून त्यांनी बगलेपर्यंत हात आत घातला, आणि दंडाएवढं पाणी शांतपणे काठावरून सोफ्यावर उतरलं. दगड तरीही चार बोटं लांब राहिला. तेवढ्यात पोरगा किंचाळला, "आप्पा, कडं! कडं!" सांधेदुखीवर घातलेलं तांब्याचं कडं मनगटात होतं. तांबं हे शंख-शिंपल्यांना आणि पोवळ्यांना विष. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या औषधातसुद्धा बऱ्याचदा तांबंच असतं. थोरल्यानं ते कधीतरी टाकीत घातलं होतं, म्हणून जुनी सगळी वाळू फेकावी लागली. कडं काढताना आप्पांचं मनगट वीस वर्षांत पहिल्यांदा उघडं दिसलं. काकींना ते ओळखू आलं नाही.

"पोवळं मालवणातनं आणतो," आप्पांनी मग जाहीर केलं. पोरगा गंभीर झाला. पोवळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसतं. आप्पांनी वाघाचा मान राखला आणि दुकानातले साधे कोरडे दगड घेतले.

एवढं सगळं झाल्यावर आप्पांनी हात चोळत विचारलं, "आता मासा कधी?"

"सहा आठवडे."

कोल्हापुरी माणसाला 'सहा आठवडे' म्हणजे काय, ते काळम्मावाडी धरणाच्या पाण्याची वर्षानुवर्षं वाट बघितलेल्यांनाच ठाऊक. पण इथं इलाज नव्हता. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. त्याचा नायट्राइट करणारे जिवाणू असतात, तोही विषारी. त्याचा नायट्रेट करणारे आणखी दुसरे जिवाणू, तो त्यातल्या त्यात सोसवणारा. ही दोन्ही कुटुंबं दगडावर वस्तीला आल्याशिवाय मासा टाकायचा नाही. आणि ती यावीत म्हणून आधी त्यांच्या जेवणाची सोय करायची: एक कच्ची कोळंबी पाण्यात टाकून कुजू द्यायची.

सोमवार होता. काकींनी हात जोडले. "लोकं सोमवारी म्हादेवाला बेल वाहत्यात. आमच्यात काचंत कोळंबी."

पुढं दीड महिना पेठेतली माणसं येऊन रिकामी टाकी बघून गेली. "मासं कुठायत?" कुणीही विचारलं की आप्पा शांतपणे म्हणायचे, "सध्या जिवाणू पाळल्यात." लोक चहा न घेताच उठायचे. आप्पा रोज सकाळी नळीत पाणी घ्यायचे, थेंब मोजून टाकायचे, आणि रंग कार्डाशी लावून बघायचे. हिरवा आला की अमोनिया, पिवळा आला की मोकळं. ज्या माणसानं कधी सिग्नल हिरवा व्हायची वाट बघितली नाही, तो रोज हिरव्याचा पिवळा व्हायची वाट बघत होता.

मधेच नवा घोळ. उन्हाळ्यानं पाणी दोन बोटं उतरायचं, म्हणून आप्पा रोज मिठाचं पाणी करून भर घालायचे. तरी रिफ्रॅक्टोमीटरमधली रेघ वर वर निघाली: १.०२७, १.०२९. पोरगा फोन उचलेना. आप्पा हवालदिल. काकी भाकरी थापत होत्या, वर न बघताच म्हणाल्या, "रस्सा आटल्यावर त्यात कुणी मीठ घालतंय व्हय? आटतंय ते पाणी. मीठ हितंच ऱ्हातंय. साधं पाणी घाला की."

आप्पांनी रोज थोडं खारं पाणी काढून साधं पाणी घातलं. चार दिवसांत रेघ जागेवर आली. तेव्हापासून समुद्राचा ताबा स्वयंपाकघराकडं आहे.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी नळी पिवळी धमक आली. आप्पा धोतर नेसून शाहूपुरीत गेले: नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउन मासा, जोडीच द्या. पोरगा म्हणाला, नव्या टाकीत एकदम भारीचा मासा नको, आधी काटक मासा घालून बघू. काटक म्हणजे कुठला? "काळी मोली हाय का कुणाकडं? मोली खाऱ्या पाण्यातबी जगती. फकस्त थेंबाथेंबानं सवय लावायची."

आप्पा माझ्या दारात आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आवाज खाली ठेवून विचारलं, "जनता हाय का अजून?"

बादली परत गेली. चिमट्यानं आवळलेल्या बारीक नळीतून आप्पा आणि काकी आळीपाळीनं दोन दिवस बादलीत खारं पाणी थेंबथेंब सोडत बसले. चारही मोली समुद्रात उतरल्या, आणि दोन वर्षं पोहत होत्या तशाच पोहू लागल्या. फरक त्यांना पडला नव्हता.

क्लाउन मासा अजून आलेला नाही. आप्पा म्हणतात, "घाई कशाला?" हे वाक्य आमच्या पेठेत त्यांच्या तोंडून आधी कुणी ऐकलेलं नाही. रेघ १.०२५ वर आहे, कडं काकींच्या डब्यात आहे, आणि गेल्या मंगळवारी मोलीला अकरा पिल्लं झाली.