संतापाचे बाजारभाव

पिंपळगाव बसवंत बाजार समितीच्या सायखेडा उपबाजारात कांद्याचा भाव रोज तीन आकड्यांत निघतो. किमान, कमाल आणि सरासरी. देशात संतापाचाही भाव रोज निघतो, फक्त तो कुठे छापून येत नाही. त्यामुळे कधी कोणत्या बातमीवर तापायचं आणि कोणती बातमी चाळीत झाकून ठेवायची, याबाबत सामान्य माणसाची फार गैरसोय होते. ती दूर करावी म्हणून आजपासून या सदरात संतापाचे बाजारभाव देत आहोत.

आधी रीत समजून घेऊ. कांद्याच्या लिलावात ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेत लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीवर सरकतो. कोणीतरी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा कांदा वर काढतो. पत्ती बघतो, रंग बघतो, बारीक गोल्टी किती आणि खराब खाद किती याचा अंदाज घेतो, मग बोली लागते. भाव पटला नाही की शेतकरी कुरकुरतो. खळ्यावर माल खाली करताना पुन्हा एकदा वाजतं. सगळं खरं, पण माल न बघता बोली लावणारा व्यापारी सायखेड्यात अजून जन्मायचा आहे. कांदा कोणाच्या वावरातला, हे हिशेबपट्टीवर मागाहून लिहितात.

संतापाच्या बाजारात पट्टी आधी फाडतात. तिच्यावरचं आरोपीचं नाव वाचलं की भाव ठरला. ट्रॉलीत हात घालायची गरजच नाही.

नमुन्यादाखल सकाळचा एक सौदा पाहा. लिलावाला अवकाश आहे. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मोबाईल बघणारा पोरगा ताडकन उठतो.

"नाना, लई वाईट झालं बघा. पोरीला मारलं म्हने."

नाना तंबाखू मळायचे थांबत नाहीत. "कोनी?"

"नाव नाय आलं अजून."

"मग बस ना खाली. नाव येऊ दे."

पोरगा बसतो. पाच-दहा मिनिटांत नाव येतं. "आपल्यातलाच निघाला, नाना."

"हात्तिच्या," म्हणून नाना चिमूट दाढेखाली सारतात आणि विषय टोमॅटोवर जातो. पोरगी कुठली, तिचं काय झालं, मागे कोण आहे, हे दोघांपैकी कोणीही विचारत नाही. नावात जरा दम असता, तर एव्हाना तीन ग्रुपवर फॉरवर्ड होऊन दुपारपर्यंत गाव बंदची भाषा सुरू झाली असती.

नानांना हसू नका. नाना जे तंबाखू मळताना करतात, तेच दिल्ली-नोएडात अँकर सूट घालून करतात.

आता भाव.

वाण पहिला, आवक नोव्हेंबर २०२२. वसईच्या मुलीचा तिच्या जोडीदाराने दिल्लीत खून केला, तुकडे केले, फ्रिजमध्ये ठेवले. आरोपीचं नाव मुस्लिम. भाव विक्रमी. वाहिन्यांवर दिवसरात्र तेच, जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे, आणि १३ डिसेंबरला राज्य सरकारची आंतरजातीय-आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती. शासनाच्या लक्षात मग आलं की ‘आंतरजातीय’ म्हटलं तर आपलीच घरं मोजावी लागतील, म्हणून दोन दिवसांत तो शब्द काढून टाकला. शासननिर्णय इतक्या चपळाईने दुरुस्त झालेला महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल.

या मालाच्या तळाशी हात घातला असता तर काय वर आलं असतं? त्या मुलीने नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे मरण्याच्या दीड वर्ष आधी, तुळिंज पोलीस ठाण्यात स्वतः लेखी तक्रार दिली होती. हा मला मारहाण करतो, मारून तुकडे करीन अशी धमकी देतो, असं तिने त्यात लिहिलं होतं. पुढे तिनेच आमचा वाद मिटला असं सांगितलं आणि कागद फाइलला लागला. मार खाणारी बाई तक्रार मागे का घेते आणि ती मागे घेतल्यावर पोलिसांनी काय करायचं असतं, यावर प्राइम टाइमला एक तास सहज निघाला असता. पण त्या तासात धर्म कुठून आणणार?

पुढल्याच वर्षी जूनमध्ये मीरा रोडला तसाच माल आला. तीच एकत्र राहणारी जोडी, तेच तुकडे, वर झाडं कापायचं यंत्र आणि प्रेशर कुकर. आरोपी हिंदू. चार दिवस किळस, मग मंदी. मोर्चा निघाला नाही, समिती नेमली गेली नाही. मुलींनी अमुक नावाच्या पुरुषांपासून सावध राहावं, असं आवाहन करणारा एकही फलक लागला नाही. अर्थात तो लागायला नकोच होता. एकाच्या खुनाचं माप त्याच्या सगळ्या नावबंधूंच्या पदरात घालणं हा मूर्खपणा आहे, हे त्या आठवड्यात सगळ्या देशाला आपोआप उमगलं होतं. उमज मात्र नाशवंत निघाली.

वसईच्या बातमीवरून एका अख्ख्या धर्माला आरोपीच्या पिंजऱ्यात बसवणाऱ्या कार्यक्रमांची दखल वाहिन्यांच्याच स्वनियमन संस्थेने घेतली. न्या. ए. के. सिक्री तेव्हा तिचे अध्यक्ष. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी निकाल लागला. न्यूज १८ इंडियाला ५० हजार रुपये दंड. दुसऱ्या कार्यक्रमासाठी टाइम्स नाऊ नवभारतला एक लाख. आणखी एका कार्यक्रमासाठी आज तकला ताकीद. ५० हजार म्हणजे भाव बरा असला तर एका ट्रॅक्टर कांद्याची पट्टी. ही रक्कम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाण दुसरा, आवक एप्रिल २०२०. पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले. टाळेबंदीत मुलं पळवणारी टोळी फिरतेय या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना पोलिसांसमोर ठेचून मारलं. व्हिडिओ बाहेर आला आणि नाव कळायच्या आधीच बोली आकाशाला भिडली, कारण नाव काय असणार हे बोली लावणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. अखेर २२ एप्रिलला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुखांना सांगावं लागलं की अटकेतल्या १०१ जणांमध्ये एकही मुस्लिम नाही. तीन माणसं मेल्यावर राज्याच्या गृहमंत्र्याला करावा लागलेला सर्वांत तातडीचा खुलासा हा होता. खुलाशानंतर भाव पडला, आणि मग अफवा, टाळेबंदी, जमावापुढे हतबल पोलीस हे सगळे प्रश्न गोल्टी म्हणून बाजूला काढले गेले.

त्याच महिन्यात करोना पसरवल्याचा ठपका ठेवलेल्या तबलिगींचा भावही तेजीत होता. भाजी घेताना आधी भाजीवाल्याचं नाव विचारायची पद्धत तेव्हाच रूढ झाली. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नगर जिल्ह्यात दाखल झालेले परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याचं सांगितलं आणि छापील व दृक्श्राव्य माध्यमांतल्या प्रचारावरही बोट ठेवलं. मार्चमध्ये पहिल्या पानावर उतरलेला माल ऑगस्टमध्ये आतल्या पानावर, कुलर-पंख्यांच्या जाहिरातीखाली गेला. निर्दोष माणसाला आपल्याकडे जागेची टंचाई कायमची आहे.

आता काही वाचक खुशीत आले असतील. त्यांनी जरा थांबावं. समोरच्या यार्डातही हेच चालतं, फक्त काटा उलटा धरतात.

वाण तिसरा, आवक जून २०२२. अमरावतीत २१ जूनच्या रात्री एका औषध दुकानदाराचा गळा चिरून खून झाला. सुरुवातीला तो लुटीचा प्रकार म्हणून गेला. त्याने प्रेषितांबद्दलच्या वक्तव्याने वादात आलेल्या नूपुर शर्मांच्या बाजूने पोस्ट पुढे पाठवली होती म्हणून त्याला मारलं, असं तपासात पुढे आलं आणि २ जुलैला प्रकरण एनआयएकडे गेलं. इथे नाव आमच्या पुरोगामी मित्रांच्या सोयीचं नव्हतं. मग एरवी बारा तासांत निषेधाचं पत्रक काढणाऱ्या मंडळींना न्यायप्रक्रियेची थोरवी आठवली. तपास सुरू आहे, घाईने निष्कर्ष नकोत, संदर्भ तपासले पाहिजेत. सगळं शंभर टक्के बरोबर! हाच संयम त्यांनी आठवड्याचे सातही दिवस पाळला असता तर त्यांचे पाय धरले असते. पण त्यांच्याकडेही एक नाना आहे. तो तंबाखू खात नाही, ब्लॅक कॉफी पितो. बातमी आली की मनातल्या मनात म्हणतो, नाव ‘त्यांच्यातलं’ नसू दे. ठार झालेल्या दुकानदाराबद्दल त्याला वाईट वाटतं, पण ते जाहीरपणे वाटून घेतलं तर फायदा कोणाला होईल याचा हिशेब तो आधी करतो. हिशेब झाला की मौन. याच मौनाच्या खळ्यावर समोरचा व्यापारी येऊन दुप्पट बोली लावतो आणि म्हणतो, बघा, हे कधी बोलत नाहीत.

वाण चौथा आपल्याच नाशिक जिल्ह्यातला, आणि सर्वांत महागडा. आवक जुलै २०२५.

२१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतल्या बाराही आरोपींना निर्दोष सोडलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच मेला होता. दहा दिवसांनी, ३१ जुलैला, विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडलं. दोन्हीकडे मूळ तपास महाराष्ट्र एटीएसचा. दोन्हीकडे न्यायालय म्हणालं, पुरावा टिकत नाही.

एका यार्डात २१ तारखेला धक्का बसला, सरकारने लगोलग सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि २४ तारखेला निकाल दाखला म्हणून वापरण्यावर स्थगिती मिळवली. त्याच यार्डात ३१ तारखेला पेढे वाटले. समोरच्या यार्डात २१ तारखेला पेढे आणि ३१ तारखेला धक्का. न्यायव्यवस्थेवर अढळ विश्वास असलेली आणि तिच्यावरचा विश्वास उडालेली माणसं दहा दिवसांत जागा बदलून बसली, आणि अँकर तेवढे जागचे हलले नाहीत.

आता मालाच्या तळाशी हात घालू. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसं गेली. नऊ मुस्लिम पकडले गेले. त्यातले सात जण पाच वर्षांनी जामिनावर सुटले आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्तीचा आदेश दिला. पकडताना ‘सूत्रधार’ होते, सुटताना एका परिच्छेदात मावले. मालेगावच्या त्या स्फोटांच्या दोन महिने आधी मुंबईच्या लोकलमध्ये १८० हून अधिक माणसं मेली होती. दोन वर्षांनी मालेगावच्या भिक्कू चौकात सहा गेले. ३१ जुलै २०२५ च्या संध्याकाळचा हिशेब असा होता: तीन घटना, दोनशेहून अधिक मृत, दोषी एकही नाही. मग मारलं कोणी? हा प्रश्न दोन्ही यार्डांत कोणी लिलावाला मांडला नाही, कारण त्याच्या पट्टीवर लिहायला नावच नव्हतं.

भिक्कू चौकातल्या जखमींना न्यायालयाने भरपाई द्यायला सांगितली, प्रत्येकी ५० हजार. तीच रक्कम, ध्यानात ठेवायला सांगितलेली. स्टुडिओत बसून द्वेषाचं माप घातलं की ५० हजार द्यावे लागतात आणि चौकात उभं राहून स्फोट अंगावर घेतला की सतरा वर्षांनी ५० हजार मिळतात. आपल्या व्यवस्थेत आवक-जावक इतकी जुळलेली असते, याचं कौतुक वाटतं.

सरकार या दुसऱ्या निकालावर पहिल्यासारखं धावलं नाही. सप्टेंबरमध्ये मृतांचे काही नातेवाईक स्वतःच उच्च न्यायालयात गेले.

पुढील आठवड्याचा अंदाज : निवडणुका कुठे ना कुठे असतातच, त्यामुळे सर्वसाधारण तेजी राहील. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली. संतापावर दोन्ही नाहीत, शिवाय तो साठवणुकीत सडत नाही आणि त्याला कोंब फुटले तर भाव वाढतो. सायखेड्याच्या पुलाला पाणी लागल्याशिवाय वाहिन्यांची गाडी इकडे वळत नाही, तेव्हा स्थानिक मालाने आशा धरू नये. दोन्ही यार्डांच्या व्यापाऱ्यांनी आरोपीचं नाव हाती येईपर्यंत माल धरून ठेवावा. मात्र ज्यांच्या घरचं माणूस गेलं आहे, त्यांनी ट्रॉली इथे आणून डिझेल वाया घालवू नये. त्यांच्या मालाला या बाजारात बोली लागत नाही, त्यांनी कोर्टाची पुढची तारीख तेवढी विचारून घ्यावी.