भोपळ्याच्या गावाहून

म्हैसूरला जाऊन राजवाडा न बघता परत आलेला माणूस मिरजेत सध्या एकच आहे, आणि तो मी.

"अहो, म्हैसूर म्हणाला होतात ना?" कृष्णराजनगर स्टेशनवर पिशव्या उतरवताना सौ.नं विचारलं.

"जिल्हा म्हैसूरच आहे," मी म्हणालो.

लोक देवदर्शनाला जातात, तसा मी गाण्यातल्या जागांच्या दर्शनाला जातो. सवाई गंधर्वांचं कुंदगोळ झालं, धारवाड झालं. आता नंबर होता रुद्रपट्टणचा. हे हासन जिल्ह्यातलं कावेरीकाठचं एवढंसं खेडं, पण कर्नाटक संगीतातल्या गवयांची तिथं रांगच्या रांग निपजली. आर. के. श्रीकंठन तिथले. 1920 चा जन्म, नव्वदी ओलांडल्यावरही मैफल गायचे, 2011 साली पद्मभूषण. रुद्रपट्टणम बंधूंच्या नावातच गाव आहे. आणि याच गावात विद्वान आर. के. पद्मनाभ यांनी सात स्वरांच्या देवतांचं एक ध्यानमंदिर उभारलंय, ते चक्क तंबोऱ्याच्या आकाराचं. हे वाचल्यापासून मला झोप नव्हती. तंबोऱ्यांच्या गावचा माणूस तंबोऱ्याचं देऊळ बघायला जाणार नाही, तर कोण जाणार?

मुक्काम कृष्णराजनगरला ठेवण्यामागंही माझा एक हिशेब होता. कावेरीच्या पुराला कंटाळलेल्या येडतोरे गावाला पर्याय म्हणून हे शहर वसवलं आणि नाव दिलं चौथ्या कृष्णराज वडियारांचं. याच राजांच्या दरबारात आमचे अब्दुल करीम खाँसाहेब गायला जात. खाँसाहेबांच्या गाण्यातली ती सरगम दक्षिणेतल्या या संगतीतूनच आली म्हणतात. तेव्हा राजाच्या नावाच्या गावात राहायचं म्हणजे एका अर्थी खाँसाहेबांच्याच वाटेवर राहायचं. सौ.ला हे सांगितलं. ती म्हणाली, "खाँसाहेबांच्या खोलीत गरम पाणी असेल."

सकाळी गाडी ठरवली. माझी एक पक्की समजूत होती, की त्या मुलखात जो तो गात असणार. त्यामुळं ड्रायव्हरनं घसा खाकरला की मी सावरून बसायचो. तो खाकरायचा आणि खिडकीतून थुंकायचा. चहाच्या टपरीवर एक पोऱ्या गुणगुणत कपबश्या विसळत होता. मी कान लावून राग ओळखायच्या खटपटीत. अर्ध्या कपानंतर ध्यानात आलं, तो गिऱ्हाइकांची उधारी मोजत होता.

वाटेत चुंचनकट्ट्याला थांबलो. तिथं कावेरी साठेक फुटांवरून कोसळते आणि जवळच कोदंडरामाचं देऊळ आहे. देवळात सगळीकडं धबधब्याची गाज ऐकू येते, गाभाऱ्यात मात्र येत नाही, अशी तिथली ख्याती. मी दारापाशी कानावर हात धरून, मग काढून, एक पाऊल मागं, एक पाऊल पुढं, असं बराच वेळ करून पाहिलं. आवाज कमी झाला की माझे कान उतारवयाला लागले, हे नक्की सांगता येणार नाही. सौ. मात्र फार प्रभावित झाली. "असा एक गाभारा घरात पाहिजे," ती म्हणाली. मी पहाटे रेकॉर्ड लावतो, त्यावर तिचा रोख होता.

रुद्रपट्टण आलं आणि ते देऊळ समोर उभं राहिलं. खाली गोल गरगरीत पोट, वर आभाळात गेलेली दांडी. मी हात जोडले. आत गेलो, स्वरदेवतांना नमस्कार केला, बाहेर येऊन मंदिराला एक प्रदक्षिणा घातली आणि तिथं माझ्यातला मिरजकर जागा झाला. आमच्याकडं तंबोरा म्हणजे आधी भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा, वाळवून ठणठणीत केलेला. 2024 साली आमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी गल्लीत असे पेढे वाटले होते की जणू वेल माझ्याच परड्यात लावला होता. दक्षिणेकडच्या तंबोऱ्याला भोपळा नसतोच, फणसाचं लाकूड कोरून त्याचं पोट करतात.

"यात भोपळा नाही," मी सौ.ला जरा मोठ्यानंच सांगितलं.

"तुम्ही आणलाय ना बरोबर," ती माझ्या पोटाकडं बघून म्हणाली.

आमचं मराठी ऐकून कट्ट्यावर बसलेले एक आजोबा जवळ आले. पांढरा पंचा, कपाळाला गंध. मी मनात म्हटलं, सापडले! हे नक्की विद्वान. त्यांनी गाव विचारलं. मी म्हणालो, "मिरज."

आजोबांचे डोळे लकाकले. "अब्दुल करीम खान!" असं म्हणून त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला आणि मला उद्देशून म्हणाले, "ओंदु हाडु हेळी."

माझं कानडी मिरजेच्या मंडईपुरतं. 'एष्टु' आणि 'बेडा' यापलीकडं गाडी जात नाही. देवळाच्या दारात हा सत्पुरुष मला हाड म्हणतोय? मी दोन पावलं मागं सरलो. सौ.चं माहेर अथणीचं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. "हाडु म्हणजे गाणं. एक गाणं म्हणा म्हणतायत."

मी? मिरजेतल्या दर्ग्यात उरसाच्या मैफलीला चिंचेच्या झाडाखाली पहाटेपर्यंत बसून मी चिक्कार ऐकलंय, दाद देऊन मांडी लाल केलीय, पण गायलो कधीच नाही. उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याला सोडायचं ते सोडून दुसरं आवर्तन मला ठाऊक नाही. पण हे कानडीत कसं सांगणार? आजोबा तर डोळे मिटून, बोटांवर ताल धरून तयार. मिरजेचा माणूस म्हणजे गाणारच, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मी 'सा' लावला. लावला म्हणजे सोडला. तो कुठं जाऊन बसला ते सात देवतांनाच माहीत. आजोबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

शेवटी सौ.नं दुभाषीपण पत्करून माझा सगळा पाटबंधारे इतिहास त्यांच्यापुढं मांडला. मीही संधी साधली. म्हटलं, आजोबांना म्हणावं, आता तुम्ही म्हणा. आजोबा एकदम संकोचले. बराच वेळ कानडीत बोलले. सौ.नं ते एका वाक्यात आटोपलं, "हे पोस्टात होते."

गाणारे म्हैसूरला गेले, बंगळूरला गेले. उत्सवाला येतात, गातात, आपण ऐकतो, असं आजोबा म्हणाले. मी मोबाइलवर तंबोरा लावला, काळी एक. दोघं कट्ट्यावर बसून माना डोलवत राहिलो. आमच्या दोघांच्या माना अगदी सुरात होत्या.

निघताना त्यांनी मिरजेला यायचं कबूल केलंय. तेव्हापासून पहाटे मी न्हाणीघरात सा लावतो. न जाणो, म्हातारा खरंच आला तर! त्या वेळात सौ. देवघराचं दार लावून आत बसते.

तिथंही ऐकू येतं म्हणते.