‘हाउ अबाउट’वाले

मुंबईत एखाद्या कचेरीच्या हुद्द्यावर हयात घालवून निवृत्तीनंतर हवापालटाच्या मिषाने लोणावळ्यास कायमचे वास्तव्य करणाऱ्या गृहस्थांत एक जात अशी आढळते, की तिच्या मुखातून नकार म्हणून कधी बाहेर पडत नाही. आपण कोणताही बेत मांडावा. गृहस्थ तो डोळे मिटून साद्यंत ऐकतात, ‘‘उत्तम, उत्तम’’ म्हणतात, कानटोपी सारखी करतात आणि अत्यंत मवाळ स्वरात विचारतात, ‘‘पण हाउ अबाउट...’’ एवढे उच्चारले गेले, की आपला बेत गतप्राण झाला असे खुशाल समजावे.

श्रावणातल्या एका रविवारी पुण्याच्या पाहुण्यांनी लोहगड चढण्याचा घाट घातला. गृहस्थांनी तोंड भरून अनुमोदन दिले, गडाच्या विंचूकाटा माचीचे रसभरित वर्णन केले, आणि ज्या अर्थी मळवलीहून गडाची वाट भाज्यावरूनच जाते, त्या अर्थी ‘‘हाउ अबाउट भाजे लेणी?’’ असा सौम्य पर्याय पुढे ठेवला. दोन हजार वर्षांपूर्वीचे शिल्प आणि तेही थोडक्या पायऱ्यांवर, म्हटल्यावर मंडळी राजी झाली. मळवलीस उतरताच पावसाची जोरदार सर आली. तेव्हा लेणी कोठे पळून जात नाहीत हे निर्विवाद सत्य प्रस्थापित करून गृहस्थ म्हणाले, ‘‘हाउ अबाउट थोडा चहा?’’ येणेप्रमाणे तीन हजार फुटांहून उंच असलेला तो बलदंड किल्ला उतरत उतरत स्टेशनाबाहेरच्या टपरीतील बाकड्यावर येऊन बसला, आणि पुढल्या लोकलने सारी मंडळी गृहस्थांच्या व्हरांड्यात दाखल झाली, जेथून हलण्याची त्यांची सकाळपासूनच इच्छा नव्हती. निघताना पाहुण्यांनी त्यांचे आभारही मानले!

बोरघाटातून 1863 साली आगगाडी सुरू झाली तेव्हा खंडाळ्यानजीक असे एक स्थानक होते, की तेथे गाडी एका दिशेने शिरे आणि इंजिन दुसऱ्या टोकास लागून उलट दिशेने बाहेर पडे. गृहस्थांशी होणारे संभाषण हुबेहूब तसे चालते. नवा मार्ग झाल्यावर ते स्थानक बंद पडले. गृहस्थ चालू आहेत. फरक इतकाच, की त्या उलटसुलट खटाटोपाने गाडी निदान घाट तरी चढत असे.

आळीतल्या तुंबलेल्या गटाराविषयी शेजाऱ्यांनी एकदा सणसणीत तक्रारअर्ज लिहिला. गृहस्थांनी ‘तक्रारी’ऐवजी ‘विनंती’ सुचविली, ‘त्वरित’ऐवजी ‘यथावकाश’, आणि ‘असह्य दुर्गंधी’च्या जागी ‘किंचित गैरसोय’. अखेरचा मसुदा इतका विनयशील झाला, की गटाराचे अभिनंदन चालले आहे की काय, अशी शंका यावी.

त्यांना पुरून उरला तो एकच, पवनमावळातला गवळी. महिन्याचा हिशेब घेऊन तो ओट्यावर उभा राहिला, तेव्हा गृहस्थ वर्तमानपत्राआडून मधुरपणे म्हणाले, ‘‘हाउ अबाउट पुढची एक तारीख?’’ गवळ्याने किटली खाली ठेवली, डोक्यावरचे इरले काढून झटकले, आणि तितक्याच अदबीने विचारले, ‘‘मग सायेब, हौबौट उद्यापासनं कोरा चहा?’’

गृहस्थ उठले, आत गेले आणि रोख रक्कम घेऊन बाहेर आले. दुधाचा हिशेब आता दरमहा वेळेवर चुकता होतो. गटार अद्यापि तुंबलेलेच आहे.