थांबण्याचा गुप्त फेरफार

फ्रेमवर्कचा सर्व्हिस पॅक निघाला की त्यासोबत 'किरकोळ दुरुस्त्या व स्थैर्यात सुधारणा' एवढ्या मजकुराचा जाहीरनामा निघतो आणि तो वाचून आपण बिनतक्रार संमतीचे बटण दाबतो, हा शिरस्ता इतका रूढ झाला आहे की, त्या दुरुस्तीच्या बुरख्याखाली लायब्ररीत नवी मेथड दाखल झाली असे कोणी सांगितल्यास सांगणाऱ्याच्याच प्रकृतीची चौकशी करावीशी वाटते.

परंतु ती दाखल होते. आमच्या पाहण्यातील मेथड तर निव्वळ थांबण्याची होती. प्रोग्रामला थांबवावयाचे तर पूर्वी दोन बाबी निवेदन कराव्या लागत: किती मिलिसेकंद थांबावयाचे ही एक, दुसरी हो-नाहीची, जिचा अर्थ बहुतेकांस ठाऊक नसल्यामुळे तेथे 'नाही' लिहिण्याचा प्रघात होता. सर्व्हिस पॅकने ही दुसरी बाब माफ करणारी मेथड त्याच नावाने शेजारी आणून बसविली. सवलत स्तुत्यच; ज्या देशात प्रत्येक खिडकीपुढे नागरिकास एकही बाब न विचारता थांबविले जाते, तेथे थांबण्यासाठी दोन बाबी मागणे ही उधळपट्टीच होती. पण सवलतीची नोंद ना दस्तऐवजात, ना जाहीरनाम्यात; आणि लायब्ररीचा व्हर्जन-क्रमांक काल २.० होता, तो आजही २.० च.

परिणामी, सर्व्हिस पॅक लाभलेल्या यंत्रावर बसलेला एखादा होतकरू प्रोग्रामर एकच बाब लिहून मोकळा होतो, कंपायलर हरकत घेत नाही, प्रोग्राम ग्राहकाकडे रवाना होतो. ग्राहकाच्या यंत्रावर सर्व्हिस पॅक नसतो, पण तपासणी क्रमांकाची असल्यामुळे आणि क्रमांक तंतोतंत जुळत असल्यामुळे इन्स्टॉलर त्यास सन्मानाने आत घेतो. मेथडचा शोध तिची गरज पडेपर्यंत घेतलाच जात नसल्याने सारे सुरळीत चालते, आणि नेमक्या महिनाअखेरीस, पगारपत्रकाचे बटण दाबताच, 'मेथड सापडली नाही' असे फर्मावून प्रोग्राम कोसळतो. कशासाठी? थांबता आले नाही म्हणून!

आणि जाब कोणास? मध्यरात्री त्या पोरालाच उठवून विचारतात, "तुझ्या मशीनवर चालतं, मग इथं का नाही?" तो बापडा काय सांगणार? दोन्हीकडे २.०! तलाठ्याच्या दफ्तरास नावे ठेवणे ही सुशिक्षितांची आवडती करमणूक; पण त्या दफ्तरातही सातबाऱ्यावर नाव चढवावयाचे तर फेरफाराची नोंद होते, हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतीस मुदत असते. येथे पहिला आकडा मोडतोडीचा, दुसरा नव्या सोयीचा, तिसरा निव्वळ दुरुस्तीचा, हा संकेत संगणकवाल्यांनीच घालून दिलेला. आकडा वाढविण्यास ना मुद्रांक लागतो, ना कागद. मग ही कंजुषी का? लपवावयाचेच होते तर लपविण्याजोगे काही तरी लपवावयाचे होते!

पुढे केव्हा तरी ती मेथड दस्तऐवजात अवतरेल, आणि उपलब्धतेचा दाखला म्हणून तिच्यापुढे २.० हाच आकडा छापून येईल, अशी आमची खात्री आहे.