येतो म्हणायची पद्धत

केळव्यात पाहुणा एका दमात निघत नाही. चपला पायात सरकल्या की बोलणं नव्याने सुरू होतं. मग आतून केळ्यांची फणी येते, वाडीतली चार विड्याची पानं येतात, आणि केळवे रोड स्टेशनला जायची रिक्षा फाटकाशी ताटकळत राहते. एवढं झाल्यावर "जातो" म्हणायचं नाही. "येतो" म्हणायचं.

ही रीत संगणकालाही असते, हे मला साठीनंतर कळलं.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि माझा जुना लॅपटॉप नव्या विंडोजला चालेना. बोईसरचा भाचा म्हणाला, "मामा, टाकू नका," आणि त्याने त्यावर लिनक्स मिंट घातलं. फुकट! फुकट वस्तूबद्दल मला जन्मजात संशय आहे, तो मी गिळला.

ओहोटीला पाणकोटाकडे चालत जाऊन काढलेले फोटो कॅमेऱ्यात होते. केबल लावली, फोटो पडद्यावर दिसले. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी टर्मिनल उघडून जीफोटो-टू नावाच्या प्रोग्रॅमला तेच फोटो आणायला सांगितलं. त्याने साफ सांगितलं, कॅमेऱ्याचा ताबा मिळत नाही. भाच्याला फोन लावला. "मामा, फाइल मॅनेजरने केबल लावताच कॅमेरा धरून ठेवलाय. आधी त्याला सोडायला सांगा." म्हणजे एका पाहुण्याला दोन घरांनी एकाच वेळी जेवायला बोलावलेलं! पडद्यावर कॅमेऱ्याच्या नावाशेजारी छोटा बाण होता. तो दाबला, कॅमेरा मोकळा झाला, आणि फोटो भराभर आले. तारीख मात्र सगळ्यांवर १ जानेवारी २००८. बॅटरी संपून कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलं होतं, आणि कॅमेरा सांगेल ती तारीख संगणक खरी मानतो. चार वर्षांची नात स्वतःच्या जन्माआधीच केळव्याच्या वाळूत किल्ला करत होती.

शेजारच्या वहिनींनी टीव्हीवर बघायला पेनड्राइव्हवर फोटो मागितले. पडद्यावरची पट्टी भरली, मी पेनड्राइव्ह उपटला आणि कुंपणावरून दिला. दहा मिनिटांत वहिनी परत. "भाऊजी, किल्ल्याचा खालचा भाग कुठं गेला? नुसता राखाडी आहे!"

पेनड्राइव्ह मंद असतो, म्हणून लिनक्स फोटो आधी आपल्या स्मरणात ठेवतं आणि सवडीने त्याच्यावर उतरवत बसतं. पट्टी भरली याचा अर्थ एवढाच, की सामान ओटीवर आलं. रिक्षात चढायचं बाकीच. पेनड्राइव्हच्या नावाशेजारचा बाण दाबला, की राहिलेलं सगळं उतरवून होईपर्यंत लिनक्स त्याला सोडत नाही, आणि मगच आता काढा म्हणून सांगतं.

दुसऱ्या खेपेला मी बाण दाबून बसून राहिलो. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता. वहिनी कुंपणापलीकडून हाका मारत होत्या, "झालं का, भाऊजी?"

"थांबा हो वहिनी," म्हटलं, "अजून चपला घालतोय."